वाघ आणि सात पानं

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी तरुण राहत होता. नोकरी कॉम्प्युटरची, लग्न अजून व्हायचं होतं, आणि शनिवारची रात्र ठरलेली. एका मित्राच्या तळघरात सहा जणांचा पत्त्यांचा अड्डा भरायचा. पुण्या-नाशिककडची ही मुलं आधी दिवाळीपुरती तीन पत्ती खेळायची. मग कुणाच्या तरी ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्याने त्यांना सेव्हन कार्ड स्टड नावाचा पोकर शिकवला आणि तीन पत्ती मागे पडली.

खेळ समजायला सोपा. प्रत्येकाला सात पानं मिळतात. पहिली दोन झाकलेली, तिसरं उघडं. मग चौथं, पाचवं, सहावं उघडं आणि सातवं पुन्हा झाकलेलं. तिसऱ्या पानापासून दर पानाला पैसे लावायचे, म्हणजे एकूण पाच फेऱ्या. सातांतली उत्तम पाच पानं म्हणजे आपला हात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, इथे कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा, हे नव्याने लक्षात ठेवावं लागे. बाकी बूट (वाटपाआधी प्रत्येकाने टाकायचे पैसे), चाल (पुढे लावायचे पैसे), पॅक (पानं टाकून डाव सोडणं) हे शब्द त्यांनी तसेच ठेवले होते.

या अड्ड्यात आपला तरुण क्वचितच हरायचा. उघडं पान राजा आलं, एक्का आला, की आत काही असो-नसो, हा पैसे वाढवायचा आणि समोरचे एकेक करून पॅक व्हायचे. मित्र म्हणायचे, "आला वाघ!" तेच नाव पडलं. त्यालाही ते आवडलं. आपण जिंकतो ते छातीच्या जोरावर, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

१९९३ साली अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंत पोकरची टेबलं लागली. समुद्राकाठच्या त्या गावात तेव्हा ताजमहाल नावाचा एक अवाढव्य कॅसिनो होता. वर रंगीत घुमट, दाराशी दगडी हत्ती, आणि आत पोकरचा मोठा हॉल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा स्टडचीच चलती होती. वाघाला तळघरातले पंचवीस-पंचवीस सेंटचे डाव पोरखेळ वाटू लागले होते. एका शुक्रवारी तो ऑफिसातून निघाला तो थेट गार्डन स्टेट पार्कवेला लागला.

त्याला पाच-दहाच्या टेबलावर जागा मिळाली. आठ माणसं, प्रत्येकाचा बूट ५० सेंट. ज्याचं उघडं पान सगळ्यांत लहान त्याने सुरुवातीला सक्तीने २ डॉलर टाकायचे. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या पानाला ५ डॉलरची चाल, पाचव्यापासून १० ची.

बाकी सातांतला एकही चेहरा ओळखीचा नव्हता. वाघाला त्याचं काहीच वाटलं नाही. पत्ते तेच, नियम तेच, मग माणसं कोण आहेत याच्याशी काय करायचंय?

थोड्या वेळाने त्याला उघडा राजा आला. आत सत्ती आणि पंजी, म्हणजे हातात काहीच नाही. सवयीप्रमाणे त्याने ५ डॉलर लावले. सगळे पॅक झाले, फक्त समोरच्या करड्या स्वेटरमधल्या आजी राहिल्या. त्यांच्यापुढे अठ्ठी होती. त्यांनी काही न बोलता एक लाल चिप पुढे सरकवली. चौथ्या पानाला वाघाला राणी आली, आजींना तिर्री. वाघाने पुन्हा ५ लावले, आजींनी पुन्हा भरले. पाचव्याला वाघाला दश्शी आली. आता त्याच्यापुढे राजा, राणी, दश्शी अशी भारदस्त पानं मांडलेली. त्याने १० लावले. आजींनी २० केले.

तळघरात कुणी असं केलं की वाघ आणखी वाढवायचा आणि समोरचा हमखास गळायचा. त्याने ३० केले. आजींनी ४० केले. आता माघार घ्यायची लाज वाटली म्हणून त्याने ४० भरले, सहाव्या-सातव्या पानालाही आजींच्या मागे दहा-दहा भरले. शेवटी आजींनी आपली झाकलेली पानं उलटली. दोन अठ्ठ्या. पहिल्या तीन पानांतच त्यांना तीन अठ्ठ्या आल्या होत्या. असा हात सव्वाचारशे वाटपांत एकदा येतो. एका डावात वाघाचे सत्तर डॉलर गेले, आणि रात्र संपेपर्यंत खिसा रिकामा झाला.

परत येताना त्याने ठरवलं की इथे धाडस चालत नाही. इथे सांभाळूनच खेळायला हवं.

दुसऱ्या खेपेला तो खरोखरच सांभाळून खेळला. जोडी नसली की पॅक. जोडी लहान असली तरी पॅक. कुणी वाढवलं की पॅक. तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे नुसत्या बुटात तासाला १५ डॉलर जातात. असे तीन तास गेले. मग एकदाचे त्याला दोन एक्के आले, एक झाकलेला आणि एक उघडा. छाती धडधडली. त्याने ५ डॉलर लावले. आणि पत्ते वाटणाऱ्या बाईंनी मान वर करायच्या आत टेबलावरचे सातही जण पॅक झाले. तीन तास गप्प बसलेला माणूस एक्का दाखवून बोलतोय, तर त्याच्याकडे काय असेल हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. मधले ६ डॉलर वाघाकडे आले. त्यातला अर्धा डॉलर त्याचाच होता.

त्याने दातओठ खात एक शिवी हासडली आणि कॉफी प्यायला उठला.

कॉफीच्या काउंटरपाशी एक वयस्क गृहस्थ त्याच्याकडे बघून हसत होते. साधा चेक्सचा शर्ट, हातात कागदी कप.

"बस रे इथे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही मराठी?"

"मघाशी तुझ्या तोंडून जे गेलं ते तर शुद्ध मराठी होतं. मी मागच्याच टेबलावर होतो."

काका आयुष्यभर औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते, आता निवृत्त. कधीमधी कॅसिनोच्या बसने यायचे, छोट्या टेबलावर बसायचे. घरून ठरवून आणलेले ४० डॉलर संपले की डाव कितीही रंगात असला तरी उठायचे. वाघाने त्यांना दोन्ही रात्रींची कर्मकथा ऐकवली. काकांनी साखरेची पुडी फोडली.

"घरी जिंकतोस म्हणालास. कुणाबरोबर खेळतोस?"

"मित्र आहेत. कॉलेजपासूनचे."

"त्यातला एखादा सांग बघू कसा खेळतो ते."

वाघाला विचार करावा लागला नाही. "एक आहे, त्याचं तोंड एक मिनिट बंद नसतं. पण चांगला हात आला की एकदम गप्प होतो. दुसऱ्याला बायकोचा फोन आला की पुढचे दोन-तीन डाव तो पॅकच करतो. तिसरा माझ्यावर चिडला असला तर काहीही घेऊन शेवटपर्यंत येतो. मग मी त्याच्याशी खोटं खेळत नाही, हात असला तरच पैसे लावतो."

"आणि इथे तुझ्या डाव्या हाताला कोण बसलंय?"

"एक बाई. निळं जाकीट."

"तिने गेल्या तासात किती डाव खेळले?"

वाघाला सांगता येईना.

"तू मगाचपासून जवळजवळ सगळे डाव पॅक केलेस. पॅक केल्यावर काय करत होतास?"

"टीव्हीवर बास्केटबॉलची मॅच होती."

काकांनी मान डोलावली. "तर असं आहे. घरी तू छातीच्या जोरावर जिंकतोस हा तुझा समज. घरी तू ओळखीवर जिंकतोस. कोण कधी गळेल हे तुला वर्षानुवर्षं ठाऊक आहे, म्हणून तुझं धाडस चालतं. इथे पहिल्या दिवशी धाडस तेवढं घेऊन आलास, ओळख घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी धाडसही घरी ठेवून आलास."

"पण पहिल्या दिवशी तर निव्वळ नशीब फुटकं होतं, काका. पहिल्या तीन पानांत तीन अठ्ठ्या!"

"नशीब फुटकं होतं, कबूल. पण त्याची किंमत सत्तर डॉलर कुणी केली? तोवर गप्प बसलेली बाई तुझ्या राजासमोर अठ्ठी घेऊन उभी राहते, तेव्हाच समजायला हवं होतं. पाच डॉलरात सुटत होतास."

वाघ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मित्रांना ओळखायला मला दहा वर्षं लागली. इथे टेबलावर दर तासाला नवं माणूस येतं. त्याला कसं ओळखायचं?"

"त्याचा सगळा जन्म कशाला ओळखायचाय? तो पैसे कधी लावतो आणि कधी सोडतो, एवढंच बघ. तेवढं तासाभरात कळतं." काकांनी कप बाजूला ठेवला. "कबड्डी खेळलायस ना? चढाईला गेलेला गडी दम धरतो, रेषेशी इकडेतिकडे करतो, तेव्हा तो कुठे बघत असतो? समोरच्यांच्या पायांकडे. कुणाचं वजन कुठल्या पायावर आहे हे दिसलं की मग झेप घेतो. न बघता घुसला तर पकडला जातो, आणि नुसता बघत राहिला तर दम संपतो."

टेबलावर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालत नाही, म्हणून काकांनी सांगायचं ते तिथेच सांगितलं. त्यांचा धडा असा होता:

पॅक केलास की तुझं खरं काम सुरू होतं. डावाच्या शेवटी जो हात उघडतो तो नीट बघ आणि मागे मागे जा. या माणसाने हीच पानं घेऊन तिसऱ्या पानाला काय केलं होतं? वाढवलं होतं, की नुसते भरले होते? चौथ्याला कचरला होता का? फुकट दिसणारे असे तीन-चार हात एकेकाचे बघितलेस की त्याची रीत सापडते.

दुसरं, पॅक झालेली उघडी पानं लक्षात ठेव. स्टडमध्ये ती एकदा दिसतात आणि उलटी होऊन जातात, पुन्हा कुणी दाखवत नाही. तुझ्याकडे दोन राजे आहेत, तिसरा हवाय आणि उरलेले दोन पॅक होऊन गेलेत, तर तू ज्याची वाट बघतोयस तो येणारच नाही.

तिसरं, हातांकडे बघ. माइक कारो नावाच्या एकाने १९८४ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्याचं म्हणणं, पोकर खेळणारे नट असतात. हात हलका असला की जोर दाखवतात, भारी असला की गरीब होतात.

"आणि हे सगळं कळलं की?" वाघाने विचारलं.

"मग वाघ हो. आता एक हिशेब ऐक. आठ जणांचा बूट ४ डॉलर, वर सक्तीचे २, मिळून ६ मधे पडलेत. ते पळवायला तू ५ लावतोस. अकरा वेळा केलंस आणि पाच वेळा सगळे पळाले तरी बरोबरी. सहा वेळा पळाले की नफा. म्हणजे धाडसाला निम्म्याहून कमी वेळा यश आलं तरी ते फुकट जात नाही. पण कुणासमोर करायचं, हे कळलं पाहिजे."

तिसऱ्या खेपेला वाघ आला तेव्हा टेबलावर सगळेच नवे होते. पहिला तासभर त्याने एकही पैसा वाढवला नाही. पण टीव्हीकडेही बघितलं नाही.

उजव्या हाताला एक टोपीवाला होता. तो काहीही घेऊन यायचा आणि शेवटपर्यंत भरत राहायचा. त्याच्या पलीकडे बोटाबोटांत अंगठ्या घातलेला, मोठमोठ्याने बोलणारा एक गृहस्थ. त्याला मोठं पान उघडं आलं की तो ५ डॉलर लावायचाच, आणि कुणी उलटून वाढवलं की पानं फेकायचा. वाघाला हसू आलं. हा तर तळघरातला तो स्वतःच होता! समोर चष्मेवाला, शांत. तो लहान जोडीवरसुद्धा भरायचा. पण हात पुरा झाला की त्याची नजर क्षणभर आपल्या चिप्सकडे जायची आणि मग तो छताकडे बघायचा.

आणि कोपऱ्यात एक आजी. करड्या स्वेटरमधल्याच, पण वेगळ्या. वाघाने त्यांना पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. थोड्या वेळाने त्यांनी उघड्या नव्वीवर ५ लावले तेव्हा वाघाकडे गुलामांची जोडी होती. तीन अठ्ठ्या डोळ्यांसमोर नाचल्या आणि त्याने पानं फेकली. पण या वेळी तो डाव शेवटपर्यंत बघत राहिला. आजींनी प्रत्येक फेरीला उत्साहाने पैसे लावले आणि शेवटी पानं उलटली. सुरुवातीला त्यांच्याकडे नव्वी, पंजी आणि दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. पुढे कशीबशी पंजीची जोडी जमली होती. हरल्यावर त्या खळखळून हसल्या.

वाघाला तेव्हा कळलं की मघाशी त्याने या आजींना पाहिलंच नव्हतं. त्याने स्वेटर पाहिला होता. त्या आजी पक्का हात आल्याशिवाय हलत नव्हत्या. या आजी मौजेला आल्या होत्या, त्यांना डाव सोडवतच नव्हता. पुढे दोनदा त्याने मध्यम हातावरही यांच्यासमोर न भिता पैसे वाढवले आणि दोन्ही वेळा मधली रास त्याच्याकडे आली.

मग अंगठीवाल्याची पाळी आली. त्याला एक्का उघडा आला आणि त्याने ५ लावले. वाघाकडे राणी उघडी, आत दोन नव्व्या. वाघाने १० केले. अंगठीवाला त्याच्याकडे बघून हसला, झाकलेल्या पानांची कड उचलून पाहिली, चिप्स दोनदा वरखाली केल्या आणि पानं फेकली. त्याच्याकडे काय होतं ते वाघाला कधीच कळणार नव्हतं. असे डाव जिंकले तरी उत्तर मिळत नाही, पैसे तेवढे मिळतात.

टोपीवाल्यासमोर मात्र उलटं घडलं. वाघाकडे दोन एक्के झाकलेले. टोपीवाला सोडणार नाही हे माहीत होतं, म्हणून वाघाने एकही खोटी चाल केली नाही, खऱ्या हातावर दर फेरीला पैसे लावत गेला. टोपीवाला दर फेरीला भरत गेला. सातव्या, झाकलेल्या पानाला टोपीवाल्याला दुर्री आली आणि त्याच्या दोन जोड्या झाल्या, छक्की आणि दुर्री. वाघाचे एक्के पडले. पहिल्या रात्रीचा वाघ असता तर पुढच्या डावात पिसाळून उठला असता. या वेळी त्याने मनाशी हिशेब केला. टोपीवाल्याला ओळखण्यात चूक झाली नव्हती, पान त्याचं आलं होतं. हाच डाव पुन्हा आला तर पुन्हा असाच खेळायचा. त्याने बूट टाकला आणि पुढच्या डावाकडे वळला.

रात्री उशिरा खरा डाव आला. वाघाला चौकट राजा उघडा. आत इस्पिक राजा आणि किल्वर नव्वी. त्याने ५ लावले. सहा जण पॅक झाले. त्यांच्या उघड्या पानांत तीन बदाम होते, हे वाघाने टिपून ठेवलं. चष्मेवाला राहिला, त्याच्यापुढे बदाम सत्ती.

चौथं पान: वाघाला बदाम पंजी, चष्मेवाल्याला बदाम गुलाम. वाघाने ५ लावले, त्याने भरले.

पाचवं पान: वाघाला इस्पिक दुर्री. चष्मेवाल्याला बदाम राणी.

आता चष्मेवाल्यापुढे तीन बदाम ओळीने लागले होते. आत आणखी दोन असले तर कलर पुरा, आणि वाघाची राजांची जोडी कवडीमोल. राजा मोठा म्हणून पहिली पाळी वाघाचीच होती. टेबल शांत झालं. दुसऱ्या खेपेचा वाघ इथे पान उलटं करून मोकळा झाला असता. पहिल्या खेपेच्या वाघाने काही न बघता पैसे टाकले असते.

वाघाने मान वर करून बघितलं. चष्मेवाल्याची नजर चिप्सकडे गेली नव्हती. छताकडेही नाही. त्याने अंगठ्याने आपल्या झाकलेल्या पानांची कड उचलली आणि पुन्हा एकदा पाहिली. ज्याच्या आत दोन बदाम आहेत त्याला ते पुन्हा बघावे लागत नाहीत, ते त्याला पाठ असतात. जो बघतो, त्याला आपला एक्का बदामाचा की चौकटचा एवढंच आठवत नसतं. वाघाने बदाम मोजले. तीन पॅक झालेले, एक आपल्यापुढे, तीन त्याच्यापुढे. तेरापैकी सात गेले. उरले सहा, आणि ते चाळीसेक न दिसलेल्या पानांत कुठेतरी.

त्याने १० लावले.

चष्मेवाल्याने भरले. सहाव्या पानाला वाघाला चौकट अठ्ठी आली, त्याला किल्वर तिर्री. वाघाने पुन्हा १०. त्याने क्षणभर थांबून भरले. सातवं पान झाकलेलं आलं. वाघाचा हात सुधारला नाही, राजांची जोडीच राहिली. मधे साठ-सत्तर डॉलर पडले होते. वाघ विचार करत असतानाच चष्मेवाल्याने दोन लाल चिप्स बोटांत धरून पुढे केल्या, जणू काही म्हणत होता, लाव, मी तयार आहे.

ज्याला खरोखर पैसे हवे असतात तो समोरच्याला घाबरवत नाही, काकांचे शब्द वाघाला आठवले. हात हलका असला की जोर. त्याने शेवटचे १० लावले.

चष्मेवाल्याच्या बोटांतल्या चिप्स तशाच राहिल्या. मग, एवढे पैसे मधे असताना दहासाठी कोण सोडतो, अशा चेहऱ्याने त्याने त्या टाकल्या. वाघाने दोन राजे दाखवले. चष्मेवाल्याने पानं उलटली. बदाम एक्का आणि इस्पिक सत्ती. सत्तीची जोडी आणि बदामाची चार पानं. पाचवा बदाम आलाच नव्हता. कॅसिनोचा वाटा कापून ऐंशीच्या वर डॉलर वाघाकडे आले.

"कलर नाही हे तुला कसं कळलं?" चष्मेवाल्याने विचारलं.

वाघ फक्त हसला. टेबलावर शिकवणी घ्यायची नसते, हेही काकांनी सांगितलं होतं.

पण चष्मेवालाही काही कच्चा नव्हता. पुढच्या अर्ध्या तासात वाघाच्या लक्षात आलं की तो आता झाकलेली पानं एकदाच बघतोय आणि वर चिप ठेवून देतोय. छताकडे बघणंही बंद झालं. वाघाने त्याला वाचलं, तसं त्यानेही वाघाला वाचलं होतं आणि स्वतःला बदललं होतं. आता मघाचं ज्ञान शिळं झालं. वाघाने पुढचे चार-पाच डाव पॅक केले, टीव्हीकडे पाठ केली आणि त्या माणसाला पहिल्यापासून बघायला लागला.

उठताना हिशेब केला तेव्हा नफा फार मोठा नव्हता. पहिल्या रात्रीचं नुकसान भरून निघायला अजून बरंच काही लागणार होतं. कॉफीच्या काउंटरपाशी काकांनी ते ऐकलं आणि विचारलं, "आज समोरच्या कुणाबद्दल सांगता येईल?"

वाघाने सातही जणांबद्दल सांगितलं. काका म्हणाले, "मग तू जिंकलास. पैशांचं पानांवर सोड."

तात्पर्य: अनोळखी माणसात गेल्यावर त्याच्या वेशावरून किंवा आपल्या जुन्या अनुभवावरून त्याला तोलू नये, त्याच्या वागण्यावरून तोलावं. तोवर हात आवरावा, आणि एकदा ओळख पटली की कचरू नये. न बघता घेतलेली झेप आणि बघूनही न घेतलेली झेप, दोन्ही सारख्याच महाग पडतात.